पाण्यातून उशिरा निघणारी

मेलेनाइते माझी भावजय, माझ्या पाठच्या भावाची, लिसिआतेची बायको. लग्न होऊन ती आमच्या बेटावर आली तेव्हा बोटीतून उतरताना स्वतःची पेटी तिनं स्वतःच खांद्यावर घेतली होती. धक्क्यावरचे पुरुष हसले आणि तीही हसली. तिचं हसणं मोठं होतं. तोंडावर हात न घेता, मान मागं टाकून ती हसायची. मला ते तेव्हा आवडलं नव्हतं. त्या दिवशीच्या वहीत मी लिहिलं आहे : सून दणकट आहे, वळण लावावं लागेल.

रोज सकाळची प्रार्थना झाली की मी वही उघडते. वारा कुठला, भरती कधीची, कोण आजारी, देवळात कोण आलं, कोण आलं नाही, हे लिहायची सवय मला लहानपणी पाळकबाईंनी लावली. त्यामुळे मेलेनाइतेबद्दल मी वर्षानुवर्षं काय समजत होते ते माझ्याच अक्षरात माझ्यासमोर आहे. खोडायचं म्हटलं तरी खोडता येत नाही.

आमच्यात नवऱ्याच्या बहिणीचा मान मोठा. भावाच्या घरातलं काहीही मी मागावं आणि भावजयीनं ते आणून द्यावं, त्यात विचारायचं काही नसतं. माझ्या थोरलीचं, वाइओलाचं लग्न ठरलं तेव्हा तीन मोठ्या चटया विणून व्हायच्या होत्या आणि दिवस थोडे होते. मेलेनाइतेला पाचवं मूल होऊन बारा दिवस झाले होते. मी निरोप पाठवला आणि ती आली. तान्ह्याला शेजारी ठेवून ती दिवसभर मांडी घालून विणत राहिली, मधे उठून विणायच्या केवड्याच्या पानांच्या ओल्या जुड्या समुद्रावरून वाहून आणत राहिली, आणि लग्नाच्या दिवशी भट्टीतल्या कोनफळांच्या टोपल्या काठीला अडकवून पुरुषांच्या बरोबरीनं तिनं वाहिल्या. माझी वही म्हणते : चटया वेळेत झाल्या. प्रभूची कृपा.

त्यानंतर ती बदलली. कशी बदलली ते मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ मी माझ्या मनानं लावत गेले.

आधी तिची ताओवाला. कमरेला गुंडाळायची ही चटई आम्ही देवळात जाताना, कुणाच्या मयताला, मोठ्या माणसासमोर जाताना बांधतो. घरी आलं की सोडून खुंटीला अडकवतो. मेलेनाइते ती दिवसभर बांधू लागली. मळ्यात, चुलीपाशी, समुद्रावर शंख वेचतानाही ती कमरेला असायची, आणि इतकी घट्ट, की दोरीचे वळ पडावेत. मला वाटलं, हिला देवाची ओढ लागली. बायकांच्या सभेत मी उभी राहून तरुण मुलींना म्हणाले, बघा माझ्या भावजयीकडे, परमेश्वर फक्त रविवारीच बघतो असं तिला वाटत नाही. मेलेनाइतेनं मान खाली घातली. तिचे कान लाल झाले होते. मी त्याला नम्रता म्हणाले. तसं लिहूनही ठेवलं.

मग ती विणायला बसेना. बारा-चौदा बायका घरात ओळीनं बसून विणत असताना ही दारापाशी उभी राहून पानं शिंपल्यानं खरवडत राही. बसायला सांगितलं की थोडा वेळ एका कुल्ल्यावर बसे आणि काही निमित्तानं उठे. मी लिहिलं : आळस. देवळात ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ जाऊन बसू लागली. गुडघे टेकायच्या वेळी उशिरा टेकायची, उठायच्या वेळी आधी उठायची. मी लिहिलं : प्रार्थनेत मन नाही. एकाच बाईला मी एका पानावर भाविक म्हटलं आणि दुसऱ्या पानावर मन नसलेली, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून बघावीत असं मला कधी सुचलं नाही.

तिचं हसणंही गेलं. सिउतिती म्हणून आमच्या गटातली सगळ्यात म्हातारी बाई आहे, जिभेला हाड नाही. ती काही बोलली की बाकीच्या लोळायच्या आणि मेलेनाइते मात्र ओठ आवळून बाहेर निघून जायची. हसलं, शिंकलं की कपडे ओले होतात, म्हणून ती हसणं टाळत होती. हे मला फार नंतर कळलं. ती रोज पहाटे समुद्रावर जाऊन अंग धुऊन यायची आणि अंगाला खाऱ्या पाण्याचा वास यायचा. सिउतिती म्हणायची, "हिनं आमच्या लिसिआतेला सोडलं आणि एखाद्या बांगड्याशी संसार मांडला बहुतेक." सगळ्या हसायच्या. मीही हसले आहे.

केवड्याची पानं उकळून, सोलून झाली की आम्ही त्यांच्या जुड्या बांधतो आणि प्रवाळाच्या बांधाआतल्या उथळ पाण्यात दगडाखाली दाबून ठेवतो. आठ-दहा दिवसांत ती दुधासारखी पांढरी होतात. मग ओहोटीला सगळ्या मिळून पाण्यात उतरायचं, दगड काढायचे, जुड्या ओढून किनाऱ्यावर आणायच्या. भिजलेली जुडी एखाद्या डुकरासारखी जड असते. बायका पटापट बाहेर पडायला बघतात. मेलेनाइते नेहमी आत राहायची. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जुड्या सोडवून द्यायची आणि सगळ्यांच्या शेवटी निघायची. कष्टाळू म्हणावं, की ओढायचं काम चुकवते म्हणावं, हे मी ज्या दिवशी जसं मन असेल तसं ठरवायची.

अशाच एका दिवशी शेवटची जुडी दुपारपर्यंत बाहेर आली. लिसिआते घोडागाडी घेऊन आला होता आणि गाडी भरून तयार होती. मेलेनाइते मात्र पाण्यातच होती. अजून एक जुडी राहिलीय म्हणाली. राहिली नव्हती, मी मोजल्या होत्या. भरती लागली. पाणी तिच्या कमरेवरून पोटाशी आलं. मी किनाऱ्यावरून ओरडले की तिथं तुला मुळं फुटली का. सिउतिती म्हणाली, "राहू दे गं, माशांना शास्त्रपाठ शिकवतेय ती." हशा झाला. लिसिआते घोड्याच्या आयाळीकडे बघत राहिला. बहीण आणि बायको यांच्यात काही चाललं की आमच्याकडचा पुरुष घोड्याकडे बघतो.

मी तिला निघायला सांगितलं, आणि ते सांगणं नव्हतं, हुकूमच होता. तिनं मान हलवली. नाही म्हणून. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मला राग आला. इतक्या बायकांसमोर, माझ्या भावासमोर. मी नेसत्या कपड्यांनिशी पाण्यात शिरले. हाताला धरून ओढत आणीन, असंच मनात होतं. जवळ गेले तर तिची ताओवाला सुटून पाण्यावर तरंगत होती, दोरी तुटली होती. एका हातानं तिनं ती धरली होती आणि दुसरा हात पाण्याखाली होता. चेहरा राखेसारखा झाला होता.

"वन्सं," ती म्हणाली, "आधी त्यांना जायला सांगा."

"कुणाला?"

"तुमच्या भावाला. सगळ्यांनाच. मग मी येते."

"झालंय काय तुला?"

लाट आली, तिच्या छातीला लागून गेली. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं अंग बाहेर आलंय. बांधलेलं सुटलं. आता हातानं धरलंय."

मी विचारलं, कधीपासून.

"वाइओलाच्या लग्नापासून."

वाइओलाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मी तिथं उभी होते आणि पाणी माझ्याही कमरेशी आलं होतं. शेवटी मी किनाऱ्याकडे वळून लिसिआतेला ओरडून सांगितलं की गाडी घेऊन जा, आणि बायकांना सांगितलं की तुम्हीही जा, आम्ही मागून येतो. तो गेला. का, असं त्यानं विचारलं नाही. बहिणीला का म्हणून विचारत नाहीत.

ती पाय जुळवून, वाकून, माझ्या खांद्याला धरून बाहेर आली. माझं वरचं वस्त्र मी तिला गुंडाळलं. झाडाखाली ती आडवी झाली तेव्हा आपोआप आत गेलं म्हणाली. आडवं झालं की जातं, उभं राहिलं की येतं. पाण्यात उभं राहिलं की मात्र ओझं नसल्यासारखं वाटतं, दिवसातला तेवढाच वेळ बरा जातो. म्हणून ती आत थांबायची. ताओवालाच्या आत जुन्या चादरीची पट्टी होती, पायांमधून वर घेऊन कमरेला आवळलेली, आणि ती सुटू नये म्हणून वरून चटई. मी तरुण मुलींना जी भक्ती दाखवली होती ती ही.

औषधाला का गेली नाहीस, असं मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं. आमच्या बेटावरच्या दवाखान्यात तपासायला एकटा एतुआते आहे. तो तिच्या आमच्या बेटावर दिलेल्या मावशीचा मुलगा, म्हणजे भाऊच. आमच्यात चुलत-मावस असा भेद नाही. भाऊ-बहीण वयात आली की एका छपराखाली झोपत नाहीत आणि एकमेकांसमोर अंगाची गोष्ट काढत नाहीत. काढली तर दोघांनी तोंड कुठं लपवायचं?

"गेले होते की," ती म्हणाली. "दोनदा ठरवून गेले. त्यानं विचारलं, काय होतंय. मी म्हटलं, डोकं दुखतंय."

एतुआतेनं डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या. पुढच्या वेळी बरं नाही म्हटल्यावर जास्त दिल्या. बहिणीची काळजी होती त्याला. अकरा वर्षं तो तिच्या घरी गोळ्यांच्या बाटल्या पाठवत होता, आणि त्या सगळ्या तिच्या पेटीत होत्या, जी पेटी तिनं बोटीतून उतरताना खांद्यावर घेतली होती.

आणि लिसिआते? त्याला तिनं सांगितलं होतं की ती व्रत करतेय. प्रार्थनेचं व्रत, देवाला शब्द दिलाय, म्हणून मुलींच्या खोलीत झोपते. तो भला माणूस, त्यानं मान्य केलं. गावात सांगितलंही असेल अभिमानानं. हे सांगताना ती पहिल्यांदा रडली.

"दुखण्याची लाज वाटते वन्सं, पण ती कशीतरी पेलते. मी देवाचं नाव पुढं केलं. तुम्ही सभेत माझं कौतुक करत होता तेव्हा वाटायचं, आत्ता छप्पर अंगावर पडेल."

बारा दिवसांच्या बाळंतिणीला निरोप कुणी पाठवला होता ते आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. तिनं ते एकदाही बोलून दाखवलं नाही. तिनं बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

मोठ्या बेटावरच्या इस्पितळात बाईडॉक्टर आहेत, पण एतुआतेच्या चिठ्ठीशिवाय तिथं घेत नाहीत. मी त्याची बहीण नाही, मी बोलू शकत होते. पण त्याच्या बहिणीच्या अंगाचा विषय त्याच्यापुढे काढणं म्हणजे त्याच्या तोंडात मारण्यासारखं. दोन दिवस मी दवाखान्याच्या कुंपणापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी आत गेले. तो खिडकीपाशी बसून काहीतरी लिहीत होता.

मी म्हटलं, "एतुआते, मेलेनाइतेचं डोकं फार दुखतं. तुझ्या गोळ्यांनी जाणारं नाही."

"अजून दुखतंय?"

"अकरा वर्षं. मोठ्या बेटावर दाखवायला हवं. बाईडॉक्टरला. बाईलाच."

त्यानं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही, टेबलाकडे बघितलं. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले, जसे सभेत तिचे झाले होते. मग तो उठून आतल्या खोलीत गेला, बऱ्याच वेळानं बाहेर आला आणि चिकटवलेलं पाकीट त्यानं माझ्या हातात दिलं. "डॉक्टरांनाच द्या, लेसिएलीबाई," एवढंच म्हणाला.

लिसिआतेला मी सांगितलं की गुरुवारच्या बोटीनं मी तुझ्या बायकोला घेऊन जातेय, दोन आठवडे लागतील. तो बरं म्हणाला. त्या घटकेला मला आमची रीत आवडली. ज्या रीतीनं अकरा वर्षं तिचं तोंड बांधलं होतं, तिच्यामुळेच आता मला कुणी प्रश्न विचारणार नव्हतं. गुरुवारी तो धक्क्यावर आला तेव्हा त्याच्या हातात भाजलेल्या कोनफळांची टोपली होती आणि काखेत जाड चटई. बोटीच्या फळ्या टणक असतात म्हणाला, तिला आडवं व्हायला. मग समुद्राकडे बघत म्हणाला, "ताई, तिला सांभाळ." त्याला किती कळलं होतं, मी विचारलं नाही. मलाही विचारता येत नाही.

डॉक्टर लोसालिने आमच्याच माणसांतली, वयानं वाइओलाएवढी. तिनं पाकीट फोडलं, वाचलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. एतुआतेनं लिहिलं होतं : रुग्ण माझी बहीण आहे. डोकेदुखी नसावी. मला विचारता आलं नाही. कृपा करून पूर्ण तपासावं. खाली सही होती आणि सहीनंतर आणखी एक ओळ : मला लाज वाटते.

मेलेनाइतेला मी ते वाचून दाखवलं. तिनं कागद घडी करून छातीशी ठेवला.

डॉक्टरनं तपासून एक रबरी कडं आत बसवलं. गर्भाशयाला खालून टेका देणारं. महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुवायचं, स्वतःला जमतं, शिकवते म्हणाली. पुढं हवं तर शस्त्रक्रियाही करता येईल. सगळं मिळून अर्धा तास लागला असेल. अकरा वर्षं आणि अर्धा तास. मेलेनाइतेनं विचारलं, माझ्यासारखी आणखी कुणी येते का. डॉक्टरनं दाराबाहेरच्या पडवीकडे बोट केलं. तिथं सात-आठ बायका बसल्या होत्या, बहुतेक दुसऱ्या बेटांवरच्या, आणि प्रत्येकीची ताओवाला घट्ट बांधलेली.

आम्ही उतरलो होतो तिथं संध्याकाळी मी प्रार्थनेला बसले. ती बसेना. म्हणाली, "काय तोंडानं बसू? अकरा वर्षांचं खोटं व्रत. देवाला काय सांगू?"

मी म्हटलं, "तुझं डोकं दुखत नव्हतं हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याच्या नावाआड तू लपलीस. लपायला तुला दुसरी जागा आम्ही ठेवलीच नव्हती."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग एकदम हसली. मान मागं टाकून. हसता हसता सवयीनं तिचा हात खाली गेला, थबकला, आणि परत वर आला. काही झालं नव्हतं. मग ती आणखी हसली. मी मात्र प्रार्थना करता करता अडले. क्षमा मागायला देवापुढे शब्द सापडतात, तिच्यापुढे सापडत नव्हते. शेवटी डोळे मिटलेले ठेवूनच मी म्हटलं, त्या लग्नाला मी तुला बोलवायला नको होतं. तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझा हात धरून राहिली.

परत आल्यावर ती ताओवाला फक्त देवळात जाताना बांधू लागली. मुलींच्या ते लगेच लक्षात आलं. एकीनं सभेत मला विचारलंच की मेलेनाइतेकाकूंची भक्ती कमी झाली का. मी उभी राहिले. मला सगळं सांगायचं होतं, पण ती गोष्ट माझी नव्हती, तिनं कुणाला सांगू नका म्हणून विनवलं होतं. मी एवढंच म्हणाले की मी त्या वेळी ज्याचं कौतुक केलं ते मला समजलेलं नव्हतं, चूक माझी होती. आणि खाली बसले. मेलेनाइते विणत होती, मांडी घालून, माझ्याच ओळीत.

पुढच्या वेळी केवडा बाहेर काढायचा दिवस आला तेव्हा मी आधीच सांगून ठेवलं की आम्ही हाक मारेपर्यंत एकही गाडी किनाऱ्यावर येणार नाही. पुरुष गेले कावाच्या मुळीचं पेय प्यायला. जुड्या निघाल्या, बायका एकेक करून बाहेर पडल्या. मेलेनाइते पहिल्या पाचात होती. तिनं माझ्या कोपराला हात लावला आणि मानेनं पाण्याकडे खुणावलं.

पाण्यात तिघी उरल्या होत्या. आधीही उरत असणार. कोण उशिरा आलं, कोण गैरहजर, हे सगळं मी रोज लिहीत आले, पण पाण्यातून कोण उशिरा निघतं हे कधी लिहिलं नव्हतं. त्या तिघींत सिउतिती होती. म्हातारी कमरेएवढ्या पाण्यात, हात पाण्याखाली घेऊन उभी होती.

मी आत गेले, तिच्या शेजारी उभी राहिले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बघतेस काय? माशांचा पाठ संपायचाय अजून."

मी म्हटलं, "गुरुवारी बोट आहे."

तिचा खालचा ओठ हलत होता. ही बाई आयुष्यात कधी गप्प बसलेली मला आठवत नव्हती.

"एतुआते माझ्या चुलतबहिणीचा नातू," ती म्हणाली. "मांडीवर खेळवलंय मी त्याला."

"ठाऊक आहे."

"मग त्याला सांग," ती म्हणाली, "माझंही डोकं दुखतं."